आप्पांच्या जीपचा गंज

माझ्या थोरल्या भावाला वडिलांच्या जीपची आठवण झाली ती मुलाचं लग्न ठरल्यावर. त्याआधी ती आमच्या नागापूरच्या घरामागे शेवग्याखाली वर्षानुवर्षं उभी होती. दादा पुण्याहून यायचा तेव्हा स्वतःची गाडी तिच्या शेजारीच लावायचा, पण मान वळवून तिच्याकडे बघायचा नाही. एकदा त्याच्या गाडीचं दार उघडताना तिला घासलं. तेव्हा वाकून त्याने स्वतःच्या दाराचा रंग तपासला आणि मला म्हणाला, की हे भंगार अजून देऊन का टाकत नाहीस.

त्याच भंगाराचं नाव आता फोनवर ‘आप्पांचा वारसा’ झालं होतं. लग्न पुण्याजवळच्या एका लॉनवर होतं, आणि नवरा-नवरीची एन्ट्री आप्पांच्या जीपमधून व्हावी असं त्याला वाटत होतं. एन्ट्री हा शब्द तो इतक्या वेळा म्हणाला, की लग्न राहिलं बाजूला, नुसतं आत शिरण्यासाठीच माणसं जमणार आहेत असं मला वाटायला लागलं. आजकाल लोकांना व्हिंटेज आवडतं, असंही त्याने मला समजावलं.

आमच्या लहानपणी ती व्हिंटेज नव्हती, ती वडाप होती. आप्पांनी ती सरकारी लिलावात घेतली आणि श्रीगोंद्याहून नगरच्या रस्त्याला लावली. वाटेतल्या गावांतून माणसं गोळा करायची, कोंबून बसवायची आणि नगरला आणून सोडायची. उसाच्या दिवसांत तोडणीवाल्यांची बोचकी, बाजाराच्या दिवशी कोंबड्या, अडलेल्या बाया, परीक्षेची पोरं, सगळं त्या जीपने वाहिलं. पुढच्या बंपरवर आप्पांनी लोखंडी पट्टी बोल्टने बसवली होती आणि तिच्यावर सळई वाकवून केलेली अक्षरं वेल्डिंगने जोडली होती. ‘जय भीम’. सळई त्यांनी स्वतः वाकवली होती. वळणं शाळेतल्या फळ्यावरच्यासारखी नव्हती, पण लांबून वाचता येत होती.

लांबून वाचता येत होती हीच काही लोकांची अडचण होती. फाट्यावर उभा असलेला एखादा माणूस हात वर करायचा, जीप जवळ आली की पट्टीकडे बघायचा आणि हात खाली घ्यायचा. आप्पा अशा वेळी काच खाली करून म्हणायचे, “मागनं येतीया दुसरी, तिच्यात बसा.” त्यांच्या आवाजात राग नसायचा. मला मागच्या बाकावरून त्यांची फक्त मान दिसायची.

दादा तेव्हा नगरला कॉलेजला होता. तो जीपने यायचा, पण कॉलेजच्या अलीकडच्या चौकात उतरायचा. तिथून बराच चालत जायचा. पावसातही. आप्पा कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडतो म्हणाले, तर याला त्या चौकात कायम काही तरी काम असायचं. काय काम, ते आप्पांनी कधी विचारलं नाही. तो उतरला की ते गियर टाकायचे आणि आम्ही पुढे जायचो. मी मागच्या काचेतून त्याला बघायची. छत्री उघडून, खाली मान घालून तो चालत असायचा.

तर हा माणूस आता मला वारसा शिकवत होता.

मी हो म्हटलं ते त्याच्यासाठी नव्हे. आप्पा गेल्यावर ती जीप मीच माझ्याकडे आणली होती, आणि तिच्यासाठी काहीतरी करायचं हे बरेच दिवस माझ्या मनात होतं. बॉडीचं मोठं काम नागापूरच्या एका गॅरेजला दिलं. पण तिथला माणूस सुटे भाग ॲसिडमध्ये बुडवायचं म्हणत होता. बिजागऱ्या, बॉनेटचे आकडे, दिव्यांच्या कड्या, पुढची पट्टी, सगळं आधीच गंजाने पातळ झालेलं. ॲसिडने गंजाबरोबर लोखंडही गेलं असतं. मी सुप्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते, पाण्याचे आणि तेलाचे नमुने तपासते. बी.एस्सी.ला शिकलेलं इलेक्ट्रोलिसिस डोक्यात कुठेतरी होतं. मी त्या माणसाला म्हटलं, लहान भाग मी घरीच साफ करते.

कृती साधी आहे. प्लास्टिकच्या भांड्यात पाणी, त्यात धुण्याचा सोडा. गंजलेला भाग मधोमध पाण्यात टांगायचा आणि कडेने साध्या लोखंडी सळया उभ्या करायच्या. बॅटरी चार्जरचा काळा चिमटा गंजलेल्या भागाला आणि लाल चिमटा सळयांना. वीज सुरू केली की भागावरून बारीक बुडबुडे निघतात, गंज सुटतो आणि पाण्यावर तांबडा फेस येतो. सळया झिजतात, भाग वाचतो. इतकंच.

इतकंच असलं तरी त्यावर व्हिडिओ करणाऱ्या लोकांनी जो गोंधळ घालून ठेवलाय तो बघवत नाही. एक जण सोड्याऐवजी मीठ टाकायला सांगतो, म्हणजे घरात क्लोरीनचा वास कोंडायची सोय. दुसरा सळईऐवजी स्टीलचं ताट बुडवतो, कारण ते स्वच्छ दिसतं. स्टीलमधलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते पाणी विषारी होतं, याची त्याला गंधवार्ता नाही. शेवटी तो तेच पाणी झाडांना घालतो आणि अंगठा वर करून दाखवतो. खालच्या प्रतिक्रियांमध्ये सगळे त्याला सर म्हणतात.

माझंही पहिल्या फटक्यात जमलं नाही, हे सांगून टाकते. मी नवा, दिवे लुकलुकणारा चार्जर आणला. तो समोर बॅटरी आहे असं पटल्याशिवाय वीजच सोडत नाही. सोड्याच्या पाण्यातली बिजागरी ही बॅटरी नव्हे, एवढं त्याला कळत होतं. दुपारभर मी बुडबुड्यांची वाट बघत बसले. मग माझ्या नवऱ्याने बंद पडलेल्या एका बॅटरीच्या दुकानातून जुना चार्जर उचलून आणला. दगडासारखा जड, आणि सुरू केला की गुरगुरायचा. त्याला कसलीच अक्कल नव्हती, म्हणून तो चालला.

नवरा शाळेत शिक्षक आहे. त्याने निळं पिंप आडवं कापून टब तयार केला आणि तो घरामागे, उघड्या हवेत, पत्र्याच्या सावलीला ठेवला. आई खुर्ची टाकून शेजारी बसायची. गुडघ्यांमुळे तिला फार हिंडता येत नाही. पहिली बिजागरी पाण्यातून काढली तेव्हा ती काळी ठिक्कर होती. तारेच्या ब्रशने घासल्यावर काळं निघून गेलं आणि खाली राखाडी लोखंड दिसलं. आईने ती हातात घेतली आणि वजन बघितल्यासारखी हलवली. म्हणाली, की हे दार लागायचं न्हाई, आतनं दोरीनं बांधून धरावं लागायचं, आनि दोरी धरायला मीच. धुतलेलं लोखंड उघड्यावर तासाभरातच पुन्हा तांबूस व्हायला लागतं, म्हणून मी प्रत्येक भाग लगेच पुसून, वाळवून त्यावर प्रायमर मारायची. असे महिना-दीड महिना आमचे रविवार गेले. ते दिवस मला आवडले.

मग दादा आला. शूटिंग करायला. लग्नात मोठ्या पडद्यावर दाखवायची एक फिल्म तयार होत होती, तिच्यात ‘वारसा जपताना’ असा एक भाग त्याला हवा होता. कडक इस्त्रीचा शर्ट घालून तो टबाशेजारी उभा राहिला आणि नवऱ्याला म्हणाला, की मी ब्रश मारताना घे. ब्रश त्याने उलटा धरला होता. नवऱ्याने तसंच घेतलं.

त्या दिवशी बंपरवरच्या पट्टीची पाळी होती. मी ती बोल्ट काढून आणून ठेवली तेव्हा दादाने कॅमेरा बंद करायला सांगितलं. मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलला. म्हणाला, की पट्टी कंपनीची नाही, मागाहून लावलेली आहे, जीप जशी कारखान्यातून आली तशी करायची तर पट्टी बसवायला नको. मी म्हटलं, कारखान्यातून आली तेव्हा तिच्यात आपण नव्हतो. मग त्याने खरं कारण सांगितलं. मुलीकडचे आपल्यातले नाहीत. त्यांच्याकडचे मोठमोठे लोक येणार, उगाच पहिल्याच क्षणी कशाला.

आईला ऐकू कमी येतं असं दादा धरून चालतो. तसं काही नाही.

“मुलगी देनाऱ्याला ठाऊक न्हाई का आपन कोन ते?” ती खुर्चीतून म्हणाली.

दादा म्हणाला, त्यांना माहीत आहे, त्यांचं काही म्हणणं नाही, प्रश्न बाकीच्यांचा आहे. बाकीचे म्हणजे कोण, हे आईने विचारलं. त्याला एकही नाव घेता आलं नाही. हा माणूस इतकी वर्षं कुणाला घाबरत होता, ते त्यालाच सांगता येत नव्हतं. मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही.

विषय तिथेच थांबला, कारण आम्हाला निघायचं होतं. श्रीगोंद्याकडे आईची चुलत बहीण वारली होती आणि जलदानविधीला आईला न्यायचं होतं. मी पट्टी टबात टांगली, काळा चिमटा पट्टीला, लाल चिमटा सळयांना लावला आणि दादाला सांगितलं, की राहिलेलं शूटिंग तुझं तू कर, झालं की बटण बंद कर आणि किल्ली शेजारी देऊन जा. चिमट्यांना हात लावू नकोस, हेही सांगितलं. तो म्हणाला, मी इंजिनीयर आहे. तो आहे. गेली कित्येक वर्षं तो सहीशिवाय दुसऱ्या कुठल्या कामाला हात लावत नाही, पण पदवी खरी आहे.

विधी झाल्यावर नातेवाइकांनी आईला सोडलं नाही, त्यामुळे आम्ही दोन दिवस राहिलो. घरी परतलो आणि फाटकातूनच मला ती गुरगुर ऐकू आली. चार्जर सुरूच होता. पाणी गढूळ, काळपट तांबडं झालं होतं आणि वर चिखलासारखा थर होता. मी बटण बंद केलं आणि बघितलं, तर लाल चिमटा पट्टीवर आणि काळा सळयांवर. उलटं. सळया छान स्वच्छ झाल्या होत्या. दोन दिवस त्या टबात आप्पांची अक्षरं झिजत होती.

पट्टी बाहेर काढली. कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. अक्षरांच्या सळया जागोजाग काडीएवढ्या पातळ, आणि ‘भी’ची वेलांटी नव्हतीच. पाण्यात हात घालून मी गाळातून तिचा तुकडा शोधला. बोटांत धरला तर तो मोडला.

नवरा टबाजवळ उकिडवा बसला. आईला काय सांगायचं, हे मला कळेना, पण ती मागे येऊन उभी होतीच. तिने पट्टी बघितली. मग फोन लाव म्हणाली.

दादाने फोनवर जे सांगितलं ते असं. शूटिंगमध्ये लाल चिमटा पट्टीवर उठून दिसत होता. शिवाय पॉझिटिव्ह म्हणजे मुख्य, तर तो मुख्य वस्तूलाच लावायचा असणार, मीच घाईत उलटं लावलं असेल, असं त्याला वाटलं. बदलल्यावर पाणी भराभर तांबडं व्हायला लागलं, म्हणजे गंज जास्त वेगाने निघतोय, म्हणून त्याने समाधानाने तसंच ठेवलं. चांगला साफ होऊ दे म्हणून बंदही केलं नाही.

“मुद्दाम केलंस का?” आईने विचारलं.

तो नाही म्हणाला. शपथ घेऊन म्हणाला.

“मुद्दाम केलं असतंस तर बरं झालं असतं,” आई म्हणाली. “निदान माझ्या पोराला काय पायजे ते त्याला ठाऊक हाय, असं तरी मला म्हनता आलं असतं.” आणि तिने फोन माझ्या हातात दिला.

लोक मला विचारतात, तुला काय वाटतं, मुद्दाम केलं असेल का. नाही. माझा त्याच्यावर तेवढा विश्वास आहे. मुद्दाम करायला धैर्य लागतं, आणि लाल-काळ्यातला फरकही कळावा लागतो. त्याने ते चांगल्या फोटोसाठी केलं. ते नाव नको म्हणून पुसलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते. फोटोत रंग नीट दिसावा म्हणून पुसलं, तर भांडायचं कशाशी?

लग्नाच्या काही आठवडे आधी तो जीप बघायला आला. तोवर ती चालती झाली होती, आरटीओत पासिंगही झालं होतं. गडद हिरवा रंग मारला होता. दादाने बॉनेटवरून हात फिरवला आणि थांबला. रंगाखाली बारीक खड्डे लागत होते, देवीच्या व्रणांसारखे. हे काय, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, की गंज काढता येतो, गंजाने खाल्लेलं लोखंड परत आणता येत नाही. खोल होते तिथे पुट्टी भरली, बाकी तसेच ठेवलेत. तो म्हणाला, जवळून फोटो काढले तर दिसतील. पुढच्या बाजूला तो गेलाच नाही. दोन दिवसांनी त्याचा निरोप आला, की त्याने भाड्याने दुसरी जीप ठरवली आहे, आम्ही त्रास घेऊ नये.

आम्ही त्रास घेतला. पट्टी मी पुन्हा टबात घातली, या वेळी चिमटे नीट लावून, आणि राहिलेला गंज काढला. मग एका वेल्डिंगवाल्याकडे नेली. त्याने पातळ झालेल्या जागी नवी सळई जोडली आणि वेलांटी नवीन केली. त्याच्याकडे त्या मापाची सळई नव्हती, म्हणून वेलांटी थोडी जाड झाली. पट्टी बंपरवर बसवली आणि लग्नाच्या दिवशी आम्ही तिघं जीपने निघालो. नवरा चालवत होता, आई पुढे. सुप्याच्या पुढे ती वाऱ्याने गारठली तेव्हा मी तिला शाल दिली. काच तिने वर करू दिली नाही.

लॉनच्या फाटकावरच्या माणसाने आमची जीप बघितली आणि मागच्या बाजूला, केटररच्या टेम्पोंजवळ लावायला सांगितली. पुढच्या दारावर दादाने ठरवलेली जीप उभी होती. लाल, चकचकीत, झेंडूने मढवलेली. तिला इंजिन नव्हतं. नुसता सांगाडा होता, लग्नांसाठीच बनवलेला. नवरा-नवरीला तिच्यात बसवलं, दोन्ही बाजूंनी धूर सोडला आणि एकसारखे सदरे घातलेली माणसं तिला मागून ढकलत मंडपापर्यंत घेऊन गेली. एन्ट्री झाली.

नंतर पडद्यावर फिल्म लागली. दादा ब्रश मारताना दिसला, उलट्या ब्रशने. मग आप्पांचा जुना फोटो आला. जीपला टेकून उभे, हसणारे. तो फोटो आमच्याकडेही आहे, म्हणून मला कळलं, की खालचा भाग कापलाय. आप्पा कमरेपर्यंत होते आणि बंपर नव्हता. दादाने माइकवर सांगितलं, की या माणसाच्या कष्टांमुळे मी इथे उभा आहे. टाळ्या पडल्या. माझ्या नवऱ्याने वाजवल्या नाहीत, पण तो शिष्टपणा वाटू नये म्हणून हातात पाण्याचा ग्लास धरून बसला.

दादाला ज्यांची भीती होती ते मोठमोठे लोक तेव्हा जेवणाच्या रांगेत होते. त्यांतल्या काही जणांनी मागेच गाड्या लावल्या होत्या आणि आमच्या जीपसमोरून चालत ते आत आले होते. एकानेही तिच्याकडे लक्ष दिलं नाही. पनीर संपायच्या आत पोचायची सगळ्यांना घाई होती. यांच्यासाठी माझ्या भावाने अर्धं आयुष्य अलीकडच्या चौकात उतरण्यात घालवलं.

आम्ही निघालो तेव्हा तो सोडायला मागे आला. आईच्या पाया पडला. मग पहिल्यांदाच जीपच्या पुढच्या बाजूला गेला आणि पट्टीसमोर उभा राहिला. हात लावू की नको असं त्याचं झालं, आणि शेवटी त्याने नव्या वेलांटीवर बोट ठेवलं.

“ही जरा जाड झाली,” तो म्हणाला.

“व्हय,” आई म्हणाली.

त्याला आणखी काही बोलायचं असावं. त्याचा चेहरा तसा झाला होता. पण आतून कुणीतरी फोटोसाठी हाक मारली आणि तो गेला. जाताना त्याने सदऱ्याच्या खिशातून रुमाल काढून बोट पुसलं.

हल्ली तो जुन्या गाड्यांच्या मालकांच्या कुठल्याशा ग्रुपमध्ये गेलाय. वर्षातून एकदा ते लोक गाड्या घेऊन पुण्यातून फेरी काढतात, टोप्या घालून. आठवड्यापूर्वी त्याचा फोन आला. आप्पांची जीप न्यावी म्हणत होता, खड्ड्यांचंही आता त्याला काही वाटत नव्हतं, तिथे उलट ते अस्सल मानतात म्हणे. मी म्हटलं, ने की, पण पट्टीसकट. विचार करून सांगतो, म्हणाला.

अजून त्याचा विचार चालू आहे.